वर्षाचा जमाखर्च

यंदा गणपतीला माझा एक जुना विद्यार्थी सपत्नीक घरी आला. चित्रकार माणूस. मागल्या वर्षी याच सुमारास त्याने शाळेतली चित्रकला-शिक्षकाची नोकरी सोडली आणि "सर, आता स्वतःचं काम करणार," असे सांगून पेढ्यांचा पुडा ठेवून गेला होता. पेढे आम्ही खाल्ले, पण मनातून धास्तावलोच होतो. आम्ही पडलो पगारदार माणसे! पहिल्या तारखेला पगार न होताही महिना सुरू होऊ शकतो, ही कल्पनाच आम्हांला सोसत नाही.

यंदा पेढे नव्हते. हातावर प्रसाद पडताच स्वारीने वर्षाचा पाढा वाचला. "बारा महिन्यांत ११ मुखपृष्ठं, २ दिवाळी अंकांची सजावट आणि एका हॉटेलची भिंत. त्यांतल्या चार कामांचे पैसे अजून यायचेत. आणि ज्यासाठी नोकरी सोडली ती माझी स्वतःची चित्रं किती? तीन! पुन्हा कुठंतरी नोकरी धरावी म्हणतो, सर."

अशा वेळी मास्तर माणूस दाखला देतो. मीही दिला. दादासाहेब फाळक्यांचा.

फाळक्यांनी पुराणवस्तू खात्यातली नोकरी सोडली होती. पुढे छापखान्यातही भागीदारीत पटेना, म्हणून तेथूनही ते बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, पदरी मुलेबाळे. अशा स्थितीत विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत चित्रपटाची विद्या शिकायला लंडनला गेले. परतले, पण भांडवल घालायला कोणी पुढे येईना. तेव्हा कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा रोवून, थोडेथोडे चित्रण करून त्यांनी अंकुराचे रोप होताना पडद्यावर दाखवले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडे नेसवले. रोहिदास झाला घरचाच मुलगा, भालचंद्र. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला! पुढे १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकात फाळक्यांनी मागे वळून आपल्या या उद्योगाची हकिगतही लिहिली.

"बघ," मी विजयी मुद्रेने म्हणालो, "साधारण एका वर्षाची ही कथा!"

तोच स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला. "आणि त्या वर्षात सरस्वतीबाई काय करत होत्या, तेही सांगा की!"

वर्गात इतकी वर्षे बोलतो आहे, पण असा अडकलो नव्हतो. सांगावे लागले. सरस्वतीबाईंचे दागिने या चित्रपटापायी गेले. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच अंगावर होता. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोके घरी पाडावी लागत, तेही अंधारात. ते काम त्या शिकल्या. फिल्म धुण्यालाही त्यांचाच हात. हे सारे मला ठाऊक होते, पण सांगताना गाळले होते.

मघापासून गप्प असलेली त्याची बायको आता बोलली. "सर, घरचा जमाखर्च मी लिहिते. दूध, भाडं, रंग, कागद, सगळं त्यात आहे. पण मार्चपासून मी गाण्याचा क्लास सोडला आणि ऑफिसातून आल्यावर शिकवण्या धरल्या. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, तेवढं कळत नाही."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण आमचा चित्रकार मान खाली घालून हातातल्या खोबऱ्याच्या तुकड्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "क्लास सोडलास हे ठाऊक होतं. कंटाळून सोडलास असं वाटलं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर संसाराचे बरेच प्रश्न सुटतात, असा माझा अनुभव आहे. ठरले ते असे : नोकरी तूर्त धरायची नाही. यापुढे निम्मे पैसे हाती पडल्याशिवाय मुखपृष्ठाला हात लावायचा नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी शिकवण्यांना सुट्टी. त्या दिवशी ती गाण्याला जाईल आणि स्वयंपाक तो करील. पुढल्या गणपतीपर्यंत एवढ्यानेही भागले नाही, तर मग नोकरी, आणि त्यात लाज कसली?

या साऱ्यात माझ्या दाखल्याचा उपयोग किती झाला कोण जाणे! आमच्या सौ.च्या एका वाक्याचा मात्र झाला.

आता पाडवा येईल. घरोघरी ओवाळणी होईल, नव्या वह्यांची पूजा होईल. सरत्या वर्षात आपण काय मिळवले, काय गमावले, याचा हिशेब तुम्हीही मांडाल. मांडताना एवढेच करा, वही एकट्याने लिहू नका. तिच्यात घरातल्या दुसऱ्या माणसाचेही वर्ष असते.