डंकर्कची पाठराखण

शिक्षकाच्या पेशांत असतांना दुसऱ्या महायुद्धाचें प्रकरण मी मोठ्या हौसेनें शिकवीत असें, आणि त्यांत डंकर्कची कथा आली म्हणजे वर्ग चित्रासारखा स्तब्ध होई. १९४० सालीं फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर कोंडलेलें इंग्रजांचें सैन्य कोळ्यांच्या होड्यांनीं व हौशी लोकांच्या नौकांनीं कसें सोडवून आणलें, समुद्र त्या दिवसांत तळ्यासारखा कसा शांत राहिला, हें वर्णन मला तोंडपाठ होतें. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, नऊ दिवस होड्या भरत होत्या, तर तेवढ्यांत शत्रु पुळणीवर आला कां नाहीं?" मीं 'ईश्वराची कृपा' असें कांहींतरी पुटपुटलों आणि घंटेची वाट पाहूं लागलों. प्रश्न शहाणा होता, उत्तर आळशी होतें. निवृत्तीनंतर सवडीनें वाचूं लागल्यावर तें मला फारच सलूं लागलें. म्हणून तें ऋण आज ह्या सदरांत फेडीत आहें.

१० मे रोजीं जर्मनांनीं हॉलंड-बेल्जियमवर चढाई केली. इंग्रज व फ्रेंच फौजा बेल्जियमच्या साह्यास धांवल्या, तों आर्देनच्या अरण्यांतून जर्मन रणगाडे त्यांच्या पिछाडीस घुसले आणि २० मे रोजीं सोम नदीच्या मुखाजवळ अबव्हीलपर्यंत येऊन ठेपले. आतां पुढें शत्रु, मागें शत्रु आणि एका अंगास समुद्र. २४ मे रोजीं रणगाड्यांना थांबण्याचा हुकूम झाला, हें खरें. परंतु दोनच दिवसांत तो उठविण्यांतहि आला. तेवढ्यानें त्या मुलाच्या प्रश्नाचें समाधान होत नाहीं.

२६ मेच्या संध्याकाळीं डोव्हरच्या किल्ल्याखालील भुयारांतून व्हाइस अॅडमिरल रॅम्से ह्यांनीं कामास आरंभ केला, तेव्हां फार तर ४५,००० माणसें हातीं लागतील असा अंदाज होता. दुसऱ्या दिवशीं निघालीं अवघीं ७,६६९. तेथील पुळण इतकी उथळ कीं, मोठें जहाज किनाऱ्याजवळ येऊंच शकत नाहीं. शिपायांनीं गळाभर पाण्यांत उभें राहावें, होडी येईल तेव्हां तींत चढावें, असा प्रकार. शेवटीं कॅप्टन टेनंट ह्यांची दृष्टि बंदराच्या पूर्वेकडील लाटा अडविण्याच्या बांधाकडे गेली. त्यावरून समुद्रांत पाऊण मैलाहून लांब एक अरुंद लांकडी वाट गेलेली होती. जहाजें लावण्याकरितां तो बांधलेलाच नव्हता! तरी एक जहाज लावून पाहिलें, तें लागलें, आणि पुढचें सारें त्यामुळें साधलें. एकंदर ३,३८,२२६ माणसें वांचलीं. त्यांपैकीं २,३९,५५५ बंदरांतून व ९८,६७१ पुळणीवरून निघालीं. म्हणजे माझ्या कथेंतील होड्यांचा वांटा मीं बराच फुगवून सांगत आलों होतों. लहान नौकांचें श्रेय मात्र मी कमी करीत नाहीं. पुळणीवरून मोठ्या जहाजांपर्यंत माणसें पोहोंचविणें हें काम त्यांच्यावांचून झालें नसतें. टायटॅनिक बुडालें तेव्हां त्यावर अधिकारी असलेले लाइटोलर हे साठी उलटल्यावर आपली खासगी नौका घेऊन तेथें गेले आणि तींत १३० माणसें कोंबून परत आले!

समुद्राची शांतताहि फसवीच होती. सर्वांत जवळचा मार्ग ३९ सागरी मैलांचा, पण तो कॅलेच्या तोफांच्या माऱ्यांत. दुसरा ८७ मैलांचा, त्यावर जर्मन वेगनौकांची टेहळणी. २९ मेच्या मध्यरात्रीनंतर 'वेकफुल' ह्या विनाशिकेवर पाणतीर येऊन आदळला. खालच्या मजल्यांत सुमारें ६४० शिपाई, आतां सुटलों अशा समजुतीनें, गाढ झोपलेले होते. जहाजाचे दोन तुकडे झाले आणि तें क्षणार्धांत तळास गेलें. झोपलेल्यांपैकीं जवळजवळ कोणीहि वर आला नाहीं. १ जून रोजीं विमानांनीं एकाच दिवशीं तीन इंग्रज विनाशिका व एक फ्रेंच विनाशिका बुडविल्या, तेव्हां दिवसाची वाहतूक बंद करून केवळ रात्रींच माणसें काढावीं लागलीं.

आतां मूळ प्रश्न. शत्रु पुळणीवर आला नाहीं, कारण त्याला कोणीतरी अडवून धरलें होतें. कॅले येथें ब्रिगेडियर निकल्सन ह्यांना स्पष्ट कळविण्यांत आलें कीं, तुम्हांला नेण्यास जहाजें येणार नाहींत, तुम्ही लढत राहा. ते २६ मेपर्यंत लढले, पकडले गेले आणि १९४३ सालीं बंदिवासांतच वारले. लिल शहरांत जनरल मोलिनिये ह्यांच्या हाताखालील फ्रेंचांनीं अनेक जर्मन डिव्हिजनी अडकवून ठेविल्या. सुमारें ३५,००० जण कैद झाले, आणि शत्रूनेंहि त्यांना सशस्त्र संचलनाचा मान दिला. खुद्द डंकर्कभोंवतीं कालव्यांच्या कांठीं, बांध फोडून बुडविलेल्या शेतांच्या आड, आरंभीं इंग्रज व अखेरीस मुख्यतः फ्रेंच उभे होते. इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्या माझ्यासारख्या मास्तरांना ही फ्रेंचांची गोष्ट सहसा ठाऊक नसते.

आणखीही एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, तिची तर लाजच वाटते. त्या पुळणीवर आपल्या हिंदुस्थानचे शिपाई होते. डिसेंबर १९३९ मध्यें खेचरें घेऊन वाहतुकीच्या चार कंपन्या मार्सेयला उतरल्या होत्या. त्यांतील बहुतेक पंजाबचे मुसलमान. बर्फांत मोटारी अडतात तेथें सामान वाहावें, हें त्यांचें काम. माघारीच्या वेळीं तोफा व बाँब ह्यांच्या माऱ्यांत आपलीं माणसें व जनावरें रस्त्यावरून हलवून सुरक्षित आडोशास नेल्याबद्दल जमादार मौला दाद खान ह्यांना शौर्यपदक मिळालें. खेचरें मात्र जहाजावर घेण्याची सोय नव्हती. जीं हातानें चारलीं, तीं तेथेंच सोडून यावें लागलें. चार कंपन्यांपैकीं एक पुढें जर्मनांच्या हातीं सांपडली.

४ जूनला पहाटे ३.४० च्या सुमारास 'शिकारी' नांवाची विनाशिका शेवटची निघाली. त्या रात्रीं २६,००० हून अधिक फ्रेंच काढले गेले, परंतु शेवटपर्यंत खिंड धरून बसलेले लढवय्ये धक्क्यावर पोहोंचले तों अनेक ठिकाणीं जागा उरली नव्हती. पस्तीस ते चाळीस हजार माणसें मागें राहिलीं. जे इंग्लंडास पोहोंचले, त्या फ्रेंचांपैकींहि बहुतेकांना थोड्याच दिवसांत पुन्हां लढण्याकरितां फ्रान्सला धाडण्यांत आलें, आणि महिना संपण्यापूर्वीं फ्रान्सनें शरणागति पत्करली. मागच्या बांकावरील तो मुलगा आज पन्नाशीकडे झुकला असेल. हें सदर त्याच्या घरीं येत असेल, तर त्याला त्याचें उत्तर मिळालें.