पत्ता कुणाला विचारायचा?



गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, घरातलं नेट गेलंय. राउटरचे सगळे दिवे हिरवे आहेत, लाइन ठीक आहे म्हणतात. जरा येऊन जा ना." मागून तिच्या सासऱ्यांचा आवाज ऐकू येत होता. त्यांचा टोरांटोच्या लेकीशी दर रविवारी ठरलेला व्हिडिओ कॉल लागत नव्हता.

गेलो. लॅपटॉपवर पाहिलं तर आकड्यांच्या पत्त्याला उत्तर येत होतं, पण नावाने एकही साइट उघडत नव्हती. म्हणजे रस्ता चालू होता, पत्ता सांगणारा गायब होता. राउटरची सेटिंग उघडली. डीएनएसच्या रकान्यात दोन अनोळखी क्रमांक. मी विचारायच्या आधीच भाचा म्हणाला, "मामा, ते मी टाकलेत."

भाचा अकरावीत आहे. दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने एक जुना गेमिंग कन्सोल घेतला होता. त्यातलं सिस्टीम सॉफ्टवेअर जुनं होतं आणि त्याला ते जुनंच ठेवायचं होतं. जुन्या आवृत्तीत आपण स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवायची वाट उघडी असते. अपडेट झालं की ती बंद. एका व्हिडिओत उपाय सांगितला होता: हे दोन क्रमांक डीएनएसमध्ये टाका, अपडेट येणारच नाही. याने ते कन्सोलऐवजी राउटरमध्येच टाकले, म्हणजे कायमची काळजी मिटली!

या उपायात जादू काहीच नाही. आपल्या दांडिया बाजारात नवखा माणूस नाक्यावरच्या पानवाल्याला घर विचारतो, तसंच इंटरनेटवरचं प्रत्येक यंत्र विचारत असतं. आपण नाव टाइप करतो, यंत्राला लागतो आकडा. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली डीएनएस ही व्यवस्था नावावरून आकडा शोधून देते. कन्सोलही अधूनमधून अपडेट सर्व्हरचं नाव घेऊन पत्ता विचारतो. नाक्यावर आपला माणूस बसवला आणि त्याने "असं घर इथे नाहीच" म्हटलं, की कन्सोल गप्प बसतो. त्याच्या आत आपण काहीही उघडलेलं किंवा मोडलेलं नसतं.

"पण अपडेट नको कशाला?" ताईने विचारलं. प्रश्न रास्त आहे. अपडेटमध्ये बहुतेक वेळा सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, फोनचं आणि लॅपटॉपचं अपडेट तर टाळूच नये. पण भाच्याची बाजूही पोकळ नाही. प्लेस्टेशन ३ बाजारात आला तेव्हा त्यावर लिनक्स चालवायची अधिकृत सोय होती. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने ३.२१ क्रमांकाच्या अपडेटने ती काढून टाकली. अपडेट घ्या आणि लिनक्स गमवा, नाहीतर लिनक्स ठेवा आणि ऑनलाइन खेळणं गमवा. विकत घेतलेल्या वस्तूतली सोय अशी परत घेता येते का, हा वाद अमेरिकेत कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं चालून तडजोडीवर मिटला. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर २०१० मध्ये सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणक उभा केला होता, त्याचा आधारही हीच सोय होती.

शिवाय अपडेट म्हणजे बहुधा एकेरी रस्ता. निन्टेन्डो स्विचच्या चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज असतात. ठरावीक अपडेटबरोबर त्यातला एखादा कायमचा जाळला जातो. नंतर जुनी आवृत्ती टाकायला गेलात तर यंत्र जळालेले फ्यूज मोजतं आणि सुरू व्हायलाच नकार देतं. म्हणून विचार करायचा तो आधीच.

मग चूक कुठे झाली? अपडेट अडवण्यात नाही. नाक्यावर कुणाला बसवलं, यात.

ते दोन क्रमांक कुणाचे, हे भाच्याला माहीत नव्हतं. मलाही नाही. आणि ते राउटरमध्ये असल्यामुळे तीन आठवडे घरातलं प्रत्येक यंत्र त्याच अनोळखी माणसाला पत्ता विचारत होतं. भाऊजींचा ऑफिसचा लॅपटॉप, ताईचा फोन, आजींची बँकेची मुदत ठेव, सगळंच. त्या रविवारी तो सर्व्हर बंद पडला म्हणून आम्हाला कळलं तरी.

घाबरवायचं नाही, म्हणून नीट सांगतो. बँकेची साइट कुलूपबंद जोडणीतून चालते. चुकीच्या दारात नेलं तरी त्या दाराकडे बँकेचं खरं प्रमाणपत्र नसतं आणि ब्राउझर मोठा इशारा देतो. तो इशारा ओलांडून "पुढे जा" दाबलं नाही, तर पासवर्ड सहसा सुरक्षित असतो. पण या घरातून कोण कुठल्या साइटवर केव्हा जातं, ही यादी डीएनएस चालवणाऱ्याला आयती मिळते. कुलूप नसलेल्या साइटवर तर तो हवं ते दार दाखवू शकतो.

हे नुसतं भय नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने एस्टोनियातल्या सहा जणांच्या टोळीविरुद्धची कारवाई जाहीर केली. त्यांच्या 'डीएनएस चेंजर' या व्हायरसने शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांची डीएनएस सेटिंग गुपचूप बदलली होती. लोकांना भलत्या साइटवर आणि भलत्या जाहिरातींवर नेऊन टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. गंमत पुढेच आहे. ते सर्व्हर लगेच बंद केले असते तर या सगळ्या लोकांचं इंटरनेटच ठप्प झालं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्या जागी स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. ताईच्या घरी रविवारी जे झालं, ते तेव्हा लाखो घरांत झालं असतं.

तेव्हा लोकांच्या नकळत व्हायरसने जे केलं, ते भाच्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

आम्ही आधी राउटरची सेटिंग पूर्ववत केली. आजोबांचा कॉल लागला. मग माझ्याकडे पडून असलेला रास्पबेरी पाय आणला आणि त्यावर पाय-होल हे मोफत सॉफ्टवेअर बसवलं. म्हणजे पत्ते सांगणारा आता घरातलाच. अपडेट सर्व्हरची नावं भाच्याने अडवायच्या यादीत घातली, त्या नावांना तो नुसते शून्य परत करतो. बाकी प्रश्न नेहमीच्या डीएनएसकडे पुढे पाठवतो. आणि या पायचा पत्ता टाकला फक्त कन्सोलमध्ये. घरातल्या इतरांना त्यात ओढायचं नाही, असं ठरलं.

हे करायचं असेल तर त्याच्या मर्यादाही कळायला हव्यात. डीएनएसची सेटिंग त्या-त्या वायफायपुरती असते. मित्राच्या हॉटस्पॉटला कन्सोल जोडला की पहारा संपला. काही गेमच्या डिस्कमध्ये किंवा कार्डमध्येच अपडेट असतं, तिथे डीएनएस काही करू शकत नाही. आधीच उतरलेलं अपडेट यामुळे पुसलं जात नाही. कंपनीने सर्व्हरचं नाव बदललं की यादीही बदलावी लागते. आणि जुन्या आवृत्तीवर ऑनलाइन खेळ बहुधा मिळतच नाही. इंटरनेट नको असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कन्सोल वायफायला जोडूच नये.

एक गोष्ट भाच्याला स्पष्ट विचारली. "स्वतःचा प्रोग्रॅम चालवायचाय, की फुकटचे गेम?" तो हसला. "मामा, थोडं दोन्ही होतं." खरं बोलला, म्हणून मीही खरं सांगितलं. वस्तू आपली आहे, पण गेम लिहिणाऱ्याची मेहनत आपली नाही. त्या वाटेला मी मदत करणार नाही. सध्या तो सापाचा साधा खेळ लिहितोय. इंदूरची आतेबहीण ऑनलाइन खेळायला बोलावते, तेव्हा त्याची चलबिचल होते. अपडेट कधी करायचं, ते तो ठरवेल.

तुम्ही आज एवढंच करा. आईबाबांना शेजारी बसवून राउटरचं पान उघडा, डीएनएसचा रकाना शोधा. तिथले आकडे तुमच्या इंटरनेट कंपनीचे, किंवा तुम्ही जाणूनबुजून निवडलेल्या सेवेचे आहेत का? कुणी टाकले ते घरात कुणालाच सांगता आलं नाही, तर ते काढा. राउटरचा पासवर्डही बदला, तो अजून डब्यावर छापलेलाच असेल तर नक्कीच.