शेण सोनं आहे, पण शिवार असेल तर

चराई संपली, जमिनीचे तुकडे पडले. मग आहे त्या जागेत शंभर जनावरं बांधा आणि पुण्याला दूध घाला. भोर तालुक्यातल्या, महामार्गालगतच्या वरवे बुद्रुकसारख्या गावांसाठी असा सल्ला सहज दिला जातो. शंका काढली तर उत्तर ठरलेलं : ‘शेण म्हणजे सोनं, त्याचं कसलं प्रदूषण?’

दुधाच्या ताज्या पैशावर घर चालतं, हे मान्यच. पण सोन्याचाही हिशेब करावा. मोठं जनावर रोज १५ ते २० किलो शेण टाकतं. शंभर जनावरांचं वर्षाला किमान सुमारे साडेपाचशे टन. कुजून निम्मं उरलं आणि हेक्टरी १० टन घातलं, तरी सुमारे २७ हेक्टर रान हवं. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यातलं सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर होतं. म्हणजे एका गोठ्यामागे वीस खातेदारांची जमीन! ती नसेल तर उकिरडा वाढतो, मूत्र नि धुवण ओढ्याला लागतं. ओढ्याचं पाणी शिवगंगा नदीत, तिथून गुंजवणीत आणि पुढे नीरेत जातं. विहिरीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते.

‘अमेरिकेसारखे हजारो गुरांचे गोठे आपल्याकडे कुठे आहेत?’ कॅनडातल्या वॉकरटन गावीही तसा गोठा नव्हता. मे २००० मध्ये मुसळधार पावसानं शेणखतातले जंतू गावाच्या विहिरीत उतरले, क्लोरिन घालण्यातही हयगय झाली. सात माणसं दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. भोरचा पाऊस काही कमी नाही.

‘रोग औषधानं आवरतात’ हेही अपुरं. दाटीत कासदाह आणि लाळ्या-खुरकूत झपाट्यानं पसरतात. प्रतिजैविकांचा मारा वाढला की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणूनच कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर केंद्रानं २०१९ मध्ये बंदी घातली.

दूधधंदा बंद करा, असं माझं म्हणणं नाही. जनावरांची संख्या शिवार आणि पाणी पाहून ठरवा. मुक्त संचार गोठा करा. शेण गोबरगॅसमध्ये घाला, स्लरी शेजाऱ्याच्या रानालाही द्या. गोठा विहीर-ओढ्यापासून दूर ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये डेअऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत; ग्रामसभेत त्या वाचून घ्या. मोठ्या गोठ्याचा ठराव पुढे आला, तर पहिला प्रश्न हाच विचारा : शेण कुणाच्या रानात जाणार? उत्तर मिळेपर्यंत संमती देऊ नका.