छेदातली माणसे

आम्ही मराठी शिकवणारी माणसे; आकडेमोडीशी आमचा संबंध पगारपत्रकापुरता. तरीही मोटार कंपन्यांच्या कार्यक्षमतेविषयी लिहावेसे वाटले, याला कारण आमचे गाव. न्हावा-शेव्याचे बंदर उरण तालुक्यात आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांना लागणारे परदेशी सुटे भाग कंटेनरांतून येथे उतरतात, आणि ते वाहून नेणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत आमचे काही माजी विद्यार्थी रात्र काढतात. अमुक कंपनीत दर कामगारामागे वर्षाला इतक्या मोटारी, तमुक कंपनीत इतक्या, असा तक्ता वर्तमानपत्रात पाहिला की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच : या मुलांना कोणत्या रकान्यात मोजले?

दर कामगारामागे मोटारी, हा शाळेतला भागाकार आहे. अंशस्थानी मोटारी, छेदस्थानी कामगार. उत्तर मोठे करण्याचे मार्ग दोनच : अंश वाढवा किंवा छेद घटवा. एक कारखाना आसने आणि वायरिंग स्वतः तयार करतो. दुसरा तीच आसने बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतो. दोघांच्या मोटारी समान असल्या तरी दुसऱ्याचा कामगार तक्त्यात अधिक तडफदार दिसतो. वास्तविक आसन शिवणारे हात कमी झालेले नसतात. ते कुंपणाबाहेर गेलेले असतात. कंत्राटी कामगाराचेही तेच. तो त्याच साखळीवर, त्याच पाळीत उभा असतो. पण त्याचे नाव कंपनीच्या पटावर नसते आणि त्याची मजुरी ठेकेदाराच्या बिलात विरून जाते.

व्याकरणाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना अध्याहृत कर्ता शोधायला लावतो. 'कार्यक्षमता वाढविण्यात आली' या वाक्यात कोणी वाढवली, कोणाच्या श्रमावर वाढवली, हे सांगितलेले नाही. कंपन्यांचे वार्षिक अहवाल अशा कर्मणी वाक्यांनी भरलेले असतात. 'मनुष्यबळ' हा शब्दही पाहावा : त्यातला मनुष्य केवळ बळाचे विशेषण होऊन राहिला आहे. अहवाल वाचणे हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचेच काम आहे असे आम्हांला वाटत नाही, ते यामुळेच.

याचा अर्थ तुलना करूच नये, असा मात्र नाही. ती नेकीने करता येते. जेम्स वोमॅक, डॅनियल जोन्स आणि डॅनियल रूस यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या पुस्तकात कारखान्यांच्या कामांतील फरक आधी वजा केला आणि मग तास मोजले. एका मोटारीच्या जुळणीस जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१ तास लागत होते, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात १६. छेद सारखा केल्यावरही अंतर उरले. ते कशामुळे, याचे उत्तर कॅलिफोर्नियातील फ्रेमॉंटने दिले. १९८२ साली बंद पडलेला जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८४ साली टोयोटाच्या व्यवस्थापनाखाली 'नुमी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच, संघटनाही तीच. पण तेथे तास १९वर आले. ज्यांना आळशी म्हणून नावे ठेवली गेली होती, त्यांच्याच हातून हे घडले. कार्यक्षमता ही कामगाराच्या रक्तातली गोष्ट नसून कामाच्या मांडणीतली आहे, हे यावरून दिसते.

आता नफा. कार्यक्षम कारखाना नफ्यात असतो, असे आपण सहज गृहीत धरतो. पण 'नुमी' २०१० साली बंद झाला. आपल्याकडे जनरल मोटर्सने तळेगावला २००८ साली कारखाना सुरू केला. २०१७ साली कंपनीने भारतातील विक्री थांबवली, काही काळ निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. गाडी खपली नाही, तर ती जुळवणारा हात कितीही चपळ असून काय उपयोग? उलट २०००-०१ साली टेल्कोला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला आणि दोन वर्षांनी कंपनी पुन्हा नफ्यात आली. मधल्या काळात खर्च कमी केले गेले, कामगारसंख्या घटली. पण मंदावलेला ट्रकबाजारही सावरला. तोट्याच्या वर्षी दोष कामगारसंख्येवर येतो. नफ्याच्या वर्षी श्रेय मात्र दूरदृष्टीला जाते. या दोन वाक्यांतील कर्त्यांची अदलाबदल आमच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावी.

आमच्या तालुक्याला भागाकार नवा नाही. भूसंपादनाच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. येथील आगरी-कोळी घरांत टक्केवारी हा हिशेबाइतकाच आठवणीचा विषय आहे. १९८९ साली बंदर सुरू झाले, १९९९ साली पहिले खाजगी टर्मिनल आले, आणि तेव्हापासून येथेही क्रेन तासाला किती कंटेनर उचलते याची तुलना चालते. त्या तासात रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरचालकाचा तास धरलेला नसतो.

दूर कशाला जावे? आमच्या स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी आहेत. उत्तरपत्रिका तेही तपासतात, संमेलनाची धावपळ तेही करतात. सुट्टीत मात्र त्यांना मानधन नसते. आमच्यातल्या काहींनी दहा-दहा वर्षे असेच काढले आहे. कायम शिक्षकामागे किती विद्यार्थी शिकले, असा आमच्या विभागाचा तक्ता कोणी केला, तर तो नेत्रदीपक दिसेल. त्या तक्त्याचा आम्हांला अभिमान वाटू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

म्हणून मोटार कंपन्यांची तुलना अवश्य वाचावी, आणि छेदापासून वाचावी. तेथे कोण नाही, हे आधी पाहावे. वरच्या आकड्याचे कौतुक मग करता येईल.