तुटलेली वाट

मनुष्य हातांनी काम करतो, असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु हात हे केवळ साधन होय; काम करणारी खरी शक्ती म्हणजे मनुष्याची इच्छा. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे हे सत्य प्रत्यक्ष पाहावयास मिळते. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि तेथील खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे केले. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होऊन हातपाय बधिर होतात. जखम झाली तरी ती कळत नाही, आणि पुढे बोटेही झिजून आखूड होतात. अशाच हातांनी तेथे विहिरी खोदल्या, शेते पिकविली, कापड विणले.

मानेतील मज्जारज्जूस इजा झाली, म्हणजे याहून निराळी आपत्ती कोसळते. हात शाबूत असतात, मेंदूही आज्ञा देत असतो. पण ती आज्ञा नेणारी वाटच तुटलेली असते. या तुटलेल्या वाटेस वळसा घालण्याचा उपाय आता शास्त्रज्ञ शोधीत आहेत. मनुष्य हालचालीचा विचार करू लागला, की मेंदूतील पेशींत सूक्ष्म विद्युत्संदेश उठतात. मेंदूत बसविलेली बारीक साधने ते टिपतात आणि संगणक त्यांचा अर्थ लावतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०२१ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. हात लुळे पडलेल्या एका मनुष्याने आपण लेखणीने लिहीत आहोत अशी केवळ कल्पना केली, आणि पडद्यावर मिनिटास सुमारे ९० अक्षरे उमटली!

“जेथे साधी चाकांची खुर्चीही सहजी मिळत नाही, त्या गडचिरोलीच्या अरण्यात हे महागडे यंत्र काय कामाचे?” अशी शंका कोणी घेईल. ती अगदीच निराधार नाही. हे यंत्र अद्याप प्रयोगावस्थेत आहे, आणि त्यासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागते. चाकांची खुर्ची आणि शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार ही तर आधी हवीतच. परंतु दूरच्या खेड्याच्या वाट्यास नवे ज्ञान नेहमी सर्वांत शेवटी यावे, हा न्याय नव्हे. त्या प्रयोगातील अक्षरे इंग्रजी होती. भामरागडच्या एखाद्या दिव्यांग मुलीस मराठीत वा माडिया बोलीत मनातले सांगावयाचे असेल, तर यंत्रास काना, मात्रा आणि जोडाक्षरे शिकवावी लागतील. ते काम या भाषा बोलणाऱ्या मुलांनीच मोठेपणी अंगावर घ्यावयास हवे.

यंत्र कितीही कुशल असले, तरी ते केवळ वाट जोडून देते. त्या वाटेने आलेल्या मनुष्यास काम आणि मान समाजानेच द्यावयाचा असतो. आनंदवनात झिजलेली बोटे कोणास परत मिळाली नाहीत. मिळाले ते काम, आणि कामाबरोबर मान.