पोटातला गोळा

एस.ई.ला असताना एम-थ्रीच्या पेपरच्या दिवशी पहाटेपासून मी हॉस्टेलच्या संडासाबाहेर रांगेत. आत जाऊन आलो की पुन्हा रांगेत! मेसवाल्याला यथेच्छ शिव्या घालून झाल्या. पण पार्टनरनं तीच भाजी खाल्लेली आणि तो ठणठणीत. ओरलला परत तेच, सबमिशनलाही तेच. शेवटी डॉक्टर गाठले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. "काही नाही, टेन्शन आहे," म्हणून दोन मिनिटांत बाहेर. तेव्हापासून विंगमध्ये माझं नाव 'टेन्शन' पडलं.

माझं भांडण त्या 'काही नाही'शी आहे.

पुढे एमरन मेयर यांचं २०१६ सालचं 'द माइंड-गट कनेक्शन' हाती लागलं. मेयर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पोटविकारतज्ज्ञ. बव्हेरियातल्या मिठाईवाल्या घरातले. (चितळ्यांच्या मुलानं बाकरवडी सोडून मेडिकलला जावं, तसंच!) सगळी हयात त्यांनी एका प्रश्नामागे घालवली : आतडं तपासणीत धड दिसतं, मग पेशंटला त्रास होतो कशानं?

आपल्या भाषेत सांगायचं तर आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचा स्वतंत्र कंट्रोलर बसवलेला आहे आणि मेंदूशी त्याची लाइन दुहेरी आहे. त्यातही व्हेगस या मुख्य केबलमधले बहुतेक तंतू खालून वर जाणारे. म्हणजे पोट ऐकतं कमी, ऐकवतं जास्त. २०१३ साली मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ निरोगी बायकांवर प्रयोग केला. त्यातल्या काहींना चार आठवडे रोज दोनदा जिवाणू घातलेलं दही दिलं, तेव्हा रागीट-घाबरे चेहरे बघताना त्यांच्या मेंदूची प्रतिक्रिया बदललेली दिसली. मात्र बायका फक्त ३६, आणि पैसे दहीवाल्या कंपनीचे! त्यामुळे प्रोबायोटिकची बाटली पिऊन पेपर सुटेल, अशी आशा कुणी करू नये. लॉ कॉलेज रोडवरची आपली आघारकर संस्था आणि एन.सी.सी.एस. यांच्या संशोधकांनी एकाच घरात राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटातले जिवाणू तपासले होते (२०१२). तिथंही वयाप्रमाणे फरक निघाला. मग अख्ख्या हॉस्टेलला एकच बाटली कशी चालेल?

भीतीनं 'पोटात गोळा' येतो, हे आपल्या आज्ज्यांना पुस्तक न वाचताच ठाऊक होतं. आपणच हसतो. गेल्या वर्षी एफ.ई.चा एक मुलगा पोट दुखतं म्हणून एका सेममध्ये तीनदा घरी गेला. 'होमसिक' म्हणून सगळ्यांनी त्याची खेचली. मीसुद्धा, 'टेन्शन' हे नाव मिरवणारा मी! पुढच्या सेमला तो आलाच नाही.

समुपदेशकाकडे जायला आपल्याकडे पोरं लाजतात, पण पोटदुखी सांगायला कुणी लाजत नाही. म्हणून सरांना एक विनंती. पोट दुखतं म्हणून कुणी गेटपास मागायला आला, तर "काय खाल्लंस?" जरूर विचारा. पण त्याच्यापाठोपाठ "झोप लागते का रे?" हेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.