उलटा करा आणि गुणा!

दोस्तांनो, माझ्या गणिताच्या वहीची पुढची पानं एकदम टापटीप असतात. समास आखलेला, उत्तराखाली दोन रेघा. खरी गंमत असते शेवटच्या पानावर! तिथे कच्चं काम, खाडाखोड, फुली-गोळ्याचे डाव, सगळा बाजार. आज या शेवटच्या पानावरचीच एक गोष्ट सांगणार आहे. सांगताना जराशी लाज वाटतेय, पण सांगतेच.

गोष्ट गेल्या वर्षीची, सहावीतली. अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. सरांनी फळ्यावर लिहिलं, ६ ÷ १/४. म्हणाले, "भागाकाराचं चिन्ह काढा, गुणाकाराचं घाला. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. सहा चोक चोवीस. कळलं?"

"होऽऽ सर!" सगळा वर्ग एका सुरात.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने मात्र हात वर केला. "सर, भागल्यावर संख्या लहान होते ना? मग सहाला भागून चोवीस कसे आले?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा वर्गच हसला. सर म्हणाले, "अगं, नियमच आहे तसा. पाठ कर, मार्क कुठे जायचे नाहीत." आणि पुढचं उदाहरण सुरू झालं.

हसणाऱ्यांत मीपण होते.

आता खरं सांगू? तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं. उलट, तो प्रश्न मला पडलासुद्धा नव्हता! उलटा करा आणि गुणा, की झालं. घटक चाचणीत मला २० पैकी २० मिळाले, तिला ११. घरी माझं कौतुक झालं. तिने मात्र त्या दिवसापासून गणिताच्या तासाला हात वर करणं सोडलं. "होऽऽ सर" तेवढं आमच्याबरोबर म्हणायला लागली.

मग आली कोजागिरी. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दरवर्षी मसाला दूध असतं आणि त्याचा सगळा कारभार माझ्या आजीकडे. पातेल्यात पळी फिरवत ती म्हणाली, "आटून सहा लिटर राहिलंय बघ. पेले पाव लिटरचे आहेत. किती जणांना पुरेल?"

"चोवीस!" मी पटकन म्हणाले. एका लिटरचे चार पेले, सहा लिटरचे चोवीस. त्यात काय एवढं?

असं म्हटलं आणि मी तिथेच थबकले. सहा लिटर दूध, पाव-पाव लिटरचे भाग. म्हणजे सहा भागिले पाव! उत्तर चोवीस! हे तर फळ्यावरचंच गणित!

म्हणजे दूध काही वाढलं नव्हतं, पेले लहान होते म्हणून त्यांची संख्या वाढली होती. सहा लाडू तिघांत वाटले तर प्रत्येकाला किती, हा भागाकार आपल्याला माहीत असतो. पण सहा लिटरमध्ये पाव लिटर किती वेळा बसतं, हाही भागाकारच की! भागणं म्हणजे नुसतं वाटणं नाही, मापानं मोजणंही आहे. माप एकापेक्षा लहान असलं, तर उत्तर मोठंच येणार. मला २० पैकी २० मिळाले होते, पण हे मला कळलं त्या रात्री, गच्चीवर, हातात पळी असताना!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती खूश झाली, पण लगेच म्हणाली, "पावाचं ठीक आहे गं. पण माप पाऊण लिटरचं असलं तर? तेव्हा ३/४ चा ४/३ का करायचा?"

झालं! आता मला काही सुचेना. शाळा सुटल्यावर दोघी थेट आजीकडे. आजी सातवीपर्यंतच शिकलीय, पण तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असं सगळं तोंडपाठ आहे. हे म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. औटकीसुद्धा येते तिला, औट म्हणजे साडेतीन. आजी म्हणाली, "पाऊण म्हणजे तीन पाव. आधी पाव मोजा, मग तिनाचे गठ्ठे करा."

आम्ही वहीचं शेवटचं पान उघडलं. सहा लिटर दूध, पाऊण लिटरचे तांबे. एका लिटरमध्ये पाव किती? चार. सहा लिटरमध्ये सहा चोक चोवीस पाव. एका तांब्यात पाव किती? तीन. चोवीस भागिले तीन, आठ. म्हणजे आठ तांबे भरतील.

मैत्रीण पानाकडे बघत राहिली. मग ओरडलीच, "अगं, आपण चारनं गुणलं आणि तीननं भागलं! म्हणजे ४/३ नंच गुणलं की! उलटा झाला तो आपोआप!"

खरंच. छेदातले चार सांगत होते, एका लिटरचे तुकडे किती, म्हणून त्यांनी गुणायचं. अंशातले तीन सांगत होते, एका मापात तुकडे किती, म्हणून त्यांनी भागायचं. नियम बरोबरच होता. फक्त तो उलटा का होतो, हे आम्हाला आत्ता दिसलं.

मग मी कसंबसं म्हणाले, "त्या दिवशी तू विचारलंस ना, तेव्हा मीपण हसले होते. सॉरी."

"माहितीय मला," ती म्हणाली. "बाकीचे हसले त्याचं काही नाही. तू हसलीस, ते लागलं."

मला काय बोलावं कळेना. आजीने दोघींच्या हातावर चिवडा ठेवला, म्हणून बरं.

आम्ही ते पान सरांना दाखवायचं ठरवलं. भीती वाटत होती. सरांनी पान दोनदा वाचलं आणि मैत्रिणीला म्हणाले, "हे उद्या फळ्यावर तू समजावून सांगायचंस." दुसऱ्या दिवशी ती बोलली तेव्हा कुणीही हसलं नाही. सर म्हणाले, "त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता. पोर्शन पुढे न्यायच्या घाईत मीच तो टाळला." मग त्यांनी सांगितलं, की भागताना अंश-छेद उलटे करून गुणायचं, हा नियम भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही आहे. तो ग्रंथ ११५० सालचा. त्यात नुसते नियम नाहीत, नियमामागोमाग उदाहरणं येतात आणि ती प्रश्न विचारल्यासारखी असतात, "हे बाले, सांग बरं" अशी! एवढा जुना गणिताचा ग्रंथ आणि तोही प्रश्नच विचारतो! मग आपण वर्गात प्रश्न विचारला तर बिघडलं कुठे?

हल्ली मी एक करते. उदाहरण सुटलं, की स्वतःलाच विचारते, "हे असं का?" उत्तर येत नसेल, तर शेवटच्या पानावर प्रश्नचिन्ह काढून ठेवते. आत्ता तिथे सात प्रश्नचिन्हं आहेत. ऋण गुणिले ऋण धन का, हे त्यातलंच एक. ते सुटलं की तुम्हाला कळवीनच.

आणि आई-बाबांनो, एक विनंती. पेपर मिळाला की "किती मार्क पडले?" हे विचाराच, पण कधीतरी "आज वर्गात काय विचारलंस?" असंही विचारा ना!

बरं दोस्तांनो, आता तुमच्या वहीचं शेवटचं पान उघडा. कापड आहे साडेसात मीटर. एका झबल्याला पाऊण मीटर लागतं. झबली किती होतील? अट एकच, उलटा करून गुणायचं नाही, पाव मोजून काढायचं. जमलं तर घरात कुणाला तरी समजावून सांगा. आणि वर्गात कुणी हात वर करून "असं का?" विचारलं, तर हसू नका हं. कदाचित तो प्रश्न तुमचाही असेल!